हाराआधी आकडे

आमच्या गावच्या नगराध्यक्षांनी स्वतःचाच सत्कार अडवून धरला, तेव्हा मी मुलींच्या शाळेत चौथीला शिकवत होते. गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं, रेल्वेच्या रुळालगतचं. सेलूइतकी मोठी कापसाची पेठ आमच्याकडं नव्हती, पण दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की सरकीचा वास आमच्या वर्गापर्यंत यायचा. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. हैदराबादेतून निघून आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो. तरी जुनी माणसं नगरपालिकेला बलदियाच म्हणायची आणि नगराध्यक्षांना सदरसाहेब.

हे सदरसाहेब पेशानं वकील. मुन्सिफ कोर्टात सगळी वकिली उर्दूत केलेली. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी शेरवानी काढून खादीचा सदरा घातला, पण बोलता बोलता ‘गौर करा’ आणि ‘मेहेरबानी’ यायचंच. गावात सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. उंच, किरकोळ अंगाचा माणूस. रस्त्यानं चालताना गटारात डोकावून बघायची त्यांची सवय पोरं हुबेहूब करून दाखवायची.

त्यांची मुदत संपत आली होती. निवडणूक तोंडावर होती आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी शाळेच्या मैदानावर सत्कार ठरवला होता. मांडव, वाजंत्री, परभणीहून पाहुणे, सगळं ठरलं. अशात एका दुपारी वकीलसाहेब शाळेत आले आणि मोठ्या बाईंच्या खोलीत मला बोलावणं आलं. मला वाटलं, स्वागतगीतासाठी मुली हव्या असतील.

“बाई, तुमाला उर्दू वाचता येतं ना?” त्यांनी विचारलं.

“येतं. माझं शिक्षणच उर्दूत झालं.”

“मग एक काम सांगतो. या लोकांना मला हार घालायचाय. मी म्हणलं, घाला, पण आधी माझ्या कामाचं वजन करा. मी सदर व्हायच्या आधी गावात किती लेकरं जगत होती, किती पोरी शाळेत जात होत्या, देवी किती जणांनी टोचून घेतल्या होत्या, आणि आता किती, हे सगळं सभेत वाचून दाखवा. भाषण कुणाचंच नको. आधीचे कागद उर्दूत आहेत, नंतरचे मराठीत. दोन्ही वाचणारं माणूस पायजे.”

“बलदियात कारकून आहेत की.”

“कारकून माझ्या हाताखालचे. ते माझ्याच बाजूनं वाचतील. तुमचे वडील माझ्यावर नाराज आहेत, हे गावाला माहीत आहे. म्हणून तुमी.”

मोठ्या बाई हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. घरी जाऊन हे सांगायचं होतं.

माझे वडील, अण्णा, जुन्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, फारसी शिकवायचे. मदरसा गेला, फारसी गेली, आणि ते पेन्शनीत निघाले. वाचनाचं वेड मात्र राहिलं. बाजारपेठेजवळची सरकारी इमारत रिकामी झाली तेव्हा तिथं वाचनालय करायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी अर्ज केला, सह्या गोळा केल्या. वकीलसाहेबांनी ती इमारत घेतली आणि तिथं बाळंतपणाची खोली केली. हैदराबादेत शिकून आलेली एक नर्स आणून बसवली. त्या दिवसापासून अण्णा वकीलसाहेबांच्या घरावरून जायचं टाळत. लांबच्या गल्लीनं बाजारात जात.

मी सांगितलं तेव्हा अण्णा ओसरीवर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

“तुला कशाला बोलावलं?”

“तुमची मुलगी म्हणून.”

“हुशार माणूस आहे,” ते म्हणाले. “पण पोरी, माणूस आकड्यात मावतो का? दिवे किती, गटारं किती, हे मोजता येतं. गावाला किती शहाणपण आलं, हे कोण मोजणार?”

“मग नको म्हणू?”

“न्हाई. जा. वाच. जे असेल ते वाच. त्याच्या बाजूनं न्हाई आन् माझ्याही बाजूनं न्हाई.”

शाळा सुटल्यावर मी बलदियात बसायला लागले. खिडकीजवळ एक टेबल दिलं होतं. जुनी दफ्तरं फसली सालांची, म्हणजे निजामाच्या कालगणनेची, उर्दू अक्षर गिचमिड, कुठं कुठं वाळवीनं खाल्लेलं. पण एकदा हात बसल्यावर काम चालू झालं. आणि खरं सांगते, मला गंमत वाटायला लागली. जे आपण डोळ्यांनी रोज बघतो ते कागदावरही तसंच दिसतं का, हे ताडून बघायची गंमत.

मुलींच्या शाळेचं तर मला ठाऊकच होतं. मी स्वतः शिकत होते तेव्हा गावातल्या शिकणाऱ्या सगळ्या मुली एका सतरंजीवर मावायच्या. आता आम्हाला दोन पाळ्या कराव्या लागत होत्या आणि तिसरीच्या मुली व्हरांड्यात बसायच्या. देवी टोचणाऱ्यांचं तसंच. आधी टोचणारा आला की लोक दारं लावून घेत. वकीलसाहेबांनी पहिल्यांदा चौकात बसून स्वतःच्या नातीला टोचून घेतलं होतं, ते मी पाहिलेलं. कागदावर ते वर्ष वेगळं उठून दिसत होतं. बाळंतपणाच्या खोलीत येणाऱ्या बायका सुरुवातीला अगदी मोजक्या, मग वाढत गेलेल्या. बाळंतपणात दगावलेल्या बाया कमी कमी होत गेलेल्या. मी मनात म्हटलं, अण्णांना हे कसं सांगावं?

आणि मग मी लेकरांच्या मरणाच्या नोंदींकडे वळले.

ते आकडे आज मला आठवत नाहीत आणि अंदाजानं सांगितलेलं वकीलसाहेबांना आवडलं नसतं. पण एवढं पक्कं आठवतं, की जुन्या राज्यात गावात वर्षभरात मेलेली लेकरं अगदी थोडी होती आणि वकीलसाहेब सदर झाल्यावर ती एकदम वाढली होती. आणि नंतरही जुन्या आकड्याच्या कितीतरी वरच राहिली होती. मी पुन्हा बेरीज केली. परत केली. कारकुनाला करायला दिली. बेरीज बरोबर होती.

गावात असली गोष्ट झाकून राहत नाही. दोन दिवसांत ती आडत्याच्या दुकानापर्यंत गेली. हे आडते कापसाच्या बाजारातले मोठे गृहस्थ आणि वकीलसाहेबांच्या विरोधी पार्टीचे पुढारी. माणूस वाईट नव्हता. गावाचं पाणी, रस्ते यावर त्यांचंही बारीक लक्ष असे. पण निवडणूक होती. ते संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले.

“गुरुजी,” ते अण्णांना म्हणाले, “ऐकलं ते खरं हाय का? सदरसाहेबाच्या काळात लेकरं जास्त मरायलीत?”

“मला ठाऊक न्हाई. पोरगी वाचायलीय.”

“वाचू द्या. भर सभेत वाचू द्या. तुमची वाचनालयाची जागा घेतली, दवाखाना केला, नर्स आणली. आन् लेकरं? लेकरं जास्तच मेली की!”

अण्णांनी त्यांना फक्त पान दिलं. ते गेल्यावर मला म्हणाले, “आकडा आहे तर वाचावा लागेल.”

“वाचीन,” मी म्हणाले. पण माझं मन मानत नव्हतं. मी त्या बाळंतपणाच्या खोलीत गेले होते. चुन्यानं रंगवलेल्या भिंती, उकळत्या पाण्याचं पातेलं, नर्सबाईंची ती स्वच्छ पांढरी साडी. तिथं लेकरं जास्त मरतात, हे पटेना. आणि कागद तर तेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी जुनं दफ्तर परत उघडलं. काय शोधायचं ते माहीत नव्हतं, नुसती पानं उलटत होते. उलटता उलटता ते साल आलं, ज्या साली माझा धाकटा भाऊ गेला. मी तेव्हा लहान होते, पण मला स्पष्ट आठवत होतं. आईच्या मांडीवरचं ते तापलेलं बाळ, शेजारणींची गर्दी, आणि सकाळी अण्णा त्याला धोतराच्या पानात गुंडाळून ओढ्याकडं घेऊन गेले ते. बारसं व्हायचं होतं अजून. मी त्या सालच्या नोंदी वाचल्या. मग पुढच्या सालच्या, मागच्या सालच्या. आमच्या गल्लीचं नाव होतं, एका म्हाताऱ्याचं मरण होतं, कॉलऱ्यात गेलेल्या एका बाईचं होतं. माझ्या भावाचं नव्हतं.

घरी आले. अण्णा पुस्तकात होते. मी विचारलं, “अण्णा, आपलं बाळ गेलं, त्याची नोंद कुणी केली होती?”

त्यांनी पुस्तक मिटलं नाही, पण डोळे पानावरून हलले.

“कुणी करायची?” ते म्हणाले. “ज्याला नाव न्हाई त्याची कसली नोंद? तेव्हा कुणीच करत नसे. बलदियातनं कुणी विचारायलाही येत नसे.”

“मग जुन्या कागदात लेकरं थोडी मेली, ती…”

“मेली थोडी न्हाईत, पोरी,” अण्णा म्हणाले. “लिहिली थोडी.”

आत चुलीपाशी आईनं भाकरी थापायची थांबवली होती. इतक्या वर्षांत त्या बाळाबद्दल आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं.

तरी एकट्या आमच्या घरावरून गावाचं कसं ठरवायचं? मी नर्सबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, “माझ्याबरोबर धनगरगल्लीत या. माझी तिकडं फेरी आहे.”

धनगरगल्ली गावाच्या कडेला, रुळापलीकडं. पुरुष माणसं मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर. घरात म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि कोकरं. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारी दारात बसून चातीवर लोकर कातत होती. नर्सबाईंना पाहून तिनं घोंगडी अंथरली. मी कोण, काय करते, ते नर्सबाईंनी सांगितलं.

“आजी,” मी विचारलं, “इथं लेकरू गेलं तर बलदियात सांगता का?”

“आता सांगताव. आधी न्हवतो सांगत.”

“का बरं?”

“आगं बाई, कोण पुसत होतं? आन् भ्या वाटायचं. सरकारात नाव गेलं की कायतरी लागंल. लेव्हीचं धान जबरीनं न्यायला आल्ते तसं कोण तरी येईल. मेल्याचं नाव देऊन जित्याच्या मागं बला कोण लावून घेईल?”

“मग आता कसं सांगायला लागलात?”

चाती तिच्या हातात फिरत राहिली. “वकीलसायब आल्ते. सदर झाल्यावर, पैल्याच साली. ह्या दगडावर बसले. म्या म्हणलं, मतं मागायला आला असंल. तर म्हणले, आजी, औंदा तुमच्या गल्लीत कोणाचं लेकरू गेलं का? मला लय राग आला. म्हणलं, तुमाला काय करायचंय? तर म्हणले, मला ठावं पायजे. ठावं न्हाई तर मी कायबी करू शकत न्हाई.” तिनं तुटलेला धागा जोडला. “माझी नात गेल्ती, दीड महिन्याची. म्या सांगितलं. त्यांनी लिवून घेतलं. तिचं नाव पुसलं. आमच्या लेकराचं नाव पुसणारा त्यो पैला माणूस.”

“नंतर दर हप्त्याला बलदियाचा माणूस येऊ लागला,” नर्सबाई म्हणाल्या. “तो घरोघर विचारतो. काही दिवस तर लोकांनी त्याच्यावर कुत्री सोडली होती.”

म्हातारी हसली. “माझंच कुत्रं व्हतं त्ये.”

निघताना मी पाणी मागितलं. तिनं तांब्या आणला, पण देताना म्हणाली, “वढ्याचं हाय हां. हिरीचं मचूळ हाय, मेंढरं पेतात.” गल्लीच्या तोंडाशी बलदियानं खोदलेली विहीर होती. वकीलसाहेबांच्याच काळातली. मी वाकून पाहिलं, पाणी भरपूर होतं. चव घेतली आणि थुंकून टाकलं. बाया घागरी घेऊन ओढ्यालाच जात होत्या, आणि त्याच ओढ्यात वरच्या अंगाला मेंढरं धुतली जात होती.

परत येऊन मी अलीकडच्या वर्षांच्या नोंदी गल्लीवार मांडल्या. आता घरोघर विचारून लिहिलेलं असल्यामुळं एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी बरोबरी करता येत होती. बाजारपेठ, वेस, आमची गल्ली, इथं लेकरांची मरणं खरोखर कमी होत आली होती. धनगरगल्लीत नव्हती.

मी हे सगळं घेऊन वकीलसाहेबांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिले. जुने आकडे, नवे आकडे.

“हूं,” ते म्हणाले. “वाढलीत.”

“वाढली नाहीत. आधी लिहीतच नव्हते.” मी त्यांना माझ्या भावाचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं. “सभेत हे समजावून सांगायला पाहिजे.”

“न्हाई बाई. आकडा वाचा आन् पुढं चला. सबब सांगू नका. सदराच्या सत्कारात सदराचा बचाव बरा दिसत न्हाई.”

“वकीलसाहेब, आकडा खरा आहे, पण त्यातून निघतंय ते खोटं आहे. खोटं मी वाचणार नाही.”

माझा आवाज चढला होता. एवढ्या मोठ्या माणसाशी मी असं बोलेन असं मला वाटलं नव्हतं. ते खुर्चीत मागं टेकले.

“मी कोर्टात असतो तर तुमालाच वकीलपत्र दिलं असतं,” ते म्हणाले. “ठीक. तुमी सांगा. पण माझ्या तोंडून त्यातलं एक अक्षर निघणार न्हाई. आन् आता हे सांगा, यात माझ्या माथ्यावर खरंच येतं असं काय आहे?”

मी धनगरगल्लीचा कागद पुढं केला. विहिरीचं बोलले. त्यांनी कागद वाचून खाली ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता, पण खांदे पडल्यासारखे झाले.

“पाणी मचूळ लागलं हे मला कळलं होतं,” ते म्हणाले. “दुसरी जागा बघू म्हणलं. मग बाजारातला रस्ता आला, मग शाळेची दुसरी पाळी आली. विसरलो न्हाई बाई. पुढं ढकललं. हे आधी वाचा. बाकीचं नंतर.”

सभेच्या दिवशी मैदान भरलं होतं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, पुढं सतरंजीवर म्हातारी मंडळी. अण्णा पहिल्या रांगेत होते, काळी टोपी, हातात काठी. इतक्या लोकांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते. गावातली कुठलीच बाई तोवर उभी राहिली नव्हती. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि वाचायला लागले.

विहिरीचं आधी वाचलं. लोक चकित झाले. सत्काराच्या सभेत असली सुरुवात कुणी ऐकली नव्हती. मग शाळा, देवी, बाळंतपणं. बायकांच्या बाजूनं ‘हो, हो’ असे आवाज यायला लागले. मग लेकरांची मरणं आली. मी जुने आकडे वाचले, नवे वाचले.

मैदानात कुजबूज उठली आणि वाढत गेली. आडते उभे राहिले. “ऐका मंडळी, नीट ऐका! ह्याच्यासाठी हार घालायलाव आपण!”

“माझं वाचून झालं नाही,” मी म्हणाले, आणि जुन्या काळात लेकरांची मरणं कुणी लिहीतच नव्हतं, हे सांगितलं. घरोघर विचारायला कधी सुरुवात झाली ते सांगितलं.

“हे तुमी म्हणता,” आडते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, ते खरंच विचारत होते. “लिवलं न्हाई त्याचा पुरावा काय? जे लिवलंच न्हाई ते झालं हे कशावरनं?”

माझ्या भावाचं सांगावं तर ते अण्णांचं दुःख. ते चारचौघांत उघडं करायचा मला काय अधिकार? मी कागदाकडं बघत उभी राहिले. तेवढ्यात पहिल्या रांगेत काठी टेकल्याचा आवाज आला.

अण्णा उठले होते.

“पुरावा मी आहे,” ते म्हणाले. आवाज शिक्षकाचा, मागच्या रांगेपर्यंत जाणारा. “माझा मुलगा गेला. ओढ्याच्या काठी मी या हातानं पुरला. बलदियात सांगितलं न्हाई. मी शिकलेला माणूस, मला लिहिता येत होतं, तरी सांगितलं न्हाई.” ते मागं वळले, गावाकडं तोंड करून. “सदरसाहेबांशी माझं भांडण आहे. ते आजबी आहे. पण या गोष्टीत न्हाई. माझ्यासारखं इथं कोण आहे, ज्याचं त्यानं सांगावं.”

लांब कुठंतरी गाडीची शिट्टी झाली. मग वाण्याच्या दुकानातला एक म्हातारा उठला आणि नुसता उभा राहिला. त्याच्या मागं एक जण. बायकांच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, “माझे दोन.” दुसरी म्हणाली, “माझा पैला ल्योक.” उभ्या कुणी राहिल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच बोलत होत्या, एकीचं संपलं की दुसरी. आईचा आवाज मला त्यात ओळखू आला. काही जणींनी नावंही सांगितली, ज्यांची बारशी झाली होती त्या लेकरांची.

आडते उभेच होते. त्यांनी हळूच टोपी काढली. “माझीबी एक व्हती,” ते म्हणाले, आणि खाली बसले.

त्यानंतर वकीलसाहेबांना बोलायला सांगितलं, तर ते धनगरगल्लीच्या विहिरीवर एवढंच बोलले की ती चूक त्यांची आहे आणि पुढं जो कोणी सदर होईल त्यानं ते काम पहिलं हातात घ्यावं. हार घातला गेला, वाजंत्री वाजली, पण सभेचा रंग सत्काराचा उरला नव्हता. लोक लवकर घरी गेले.

निवडणुकीत वकीलसाहेब स्वतः निवडून आले, पण अध्यक्षपद गेलं. आडत्यांच्या पार्टीचे सभासद जास्त आले आणि आडते नगराध्यक्ष झाले. मला फार वाईट वाटलं. वकीलसाहेबांना वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. आडत्यांनी मात्र पहिल्याच बैठकीत धनगरगल्लीची विहीर काढली. पाणाड्या बोलावून जागा शोधली, खोदली, पाणी गोड लागलं. घरोघर जाऊन विचारणारा माणूसही त्यांनी बंद केला नाही. पुढच्या वर्षांत धनगरगल्लीतली लेकरं जगायला लागली, आणि ते आकडे आडत्यांच्या कारकिर्दीत पडले. गावात बोलणं सुरू झालं, वकीलसाहेबांना जमलं नाही ते ह्यांनी करून दाखवलं.

मी चिडून हे वकीलसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “खरंच आहे की. विहीर त्यांनी खोदली.”

“पण मोजायला तुम्ही सुरू केलं म्हणून तर विहीर कुठं खोदायची ते कळलं!”

“बाई, गहू पेरणारा एक, कापणारा दुसरा, खाणारा तिसरा. पोट भरलं ना? मग.” आणि लगेच दुसऱ्याच विषयावर गेले. मुली चौथीनंतर शाळा का सोडतात, हे त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. तासभर त्यांनी मला प्रश्न विचारले.

पुढं आयुष्यात मी बरेच अध्यक्ष पाहिले, त्यांच्या कारकिर्दीचे छापील अहवाल वाचले. सगळे आकडे चढते, सगळं चांगलं वाढलेलं आणि वाईट घटलेलं. असा अहवाल हातात आला की माझा विश्वास बसत नाही. ज्याच्या राज्यात वाईट आकडाही वर गेलेला दिसतो, त्याच्या जवळ जाऊन बघावंसं वाटतं. कदाचित तो माणूस खरोखर नालायक असेल. कदाचित त्याच्या आधी कुणी विचारलंच नसेल.

अण्णांचं आणि वकीलसाहेबांचं भांडण काही मिटलं नाही. वाचनालयावरून ते दोघं शेवटपर्यंत वाद घालत राहिले. फक्त आता तोंडावर घालत. अण्णा लांबच्या गल्लीनं जायचे बंद झाले आणि वकीलसाहेबांच्या ओसरीवर बसून त्यांना ऐकवू लागले, की बाळंतिणीच्या उशालाही एखादं पुस्तक ठेवता आलं असतं. वकीलसाहेब म्हणत, “ठेवतो, तुमी द्या.” अण्णांनी खरंच काही पुस्तकं नेऊन दिली. नर्सबाईंच्या कपाटात ती मी पाहिली आहेत, औषधांच्या बाटल्यांशेजारी.

येलदरीला पूर्णेवर धरण होणार म्हणून बोलबाला झाला तेव्हा हे दोघं म्हातारे एसटीनं बघायला गेले. जिंतूरला गाडी बदलावी लागली. मी बरोबर होते, दोघांच्या तब्येती धड नव्हत्या म्हणून. नदीकाठी आखणी चालू होती, दगडांचे ढीग पडले होते, तंबू ठोकलेले. एक तरुण इंजिनियर उत्साहानं नकाशा दाखवत होता, किती जमीन भिजेल, किती वीज निघेल. वकीलसाहेब मनापासून ऐकत होते. असलं काम बघून त्यांचे डोळे चमकायचे. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “पाण्याखाली जातील त्या गावांतली घरं मोजलीत ना?”

“मोजली, साहेब.”

“आन् त्यांच्यात जे दुसऱ्याच्या घरात राहतेत, पालं टाकून राहतेत, ते कुठं लिवलेत?”

इंजिनियरनं कागद चाळले. त्याला राग आला नाही, उलट तो विचारात पडला. “ते बघावं लागेल,” तो म्हणाला.

“बघा,” वकीलसाहेब म्हणाले. “लय मोठं काम करायलाव तुमी. त्यांनाबी धरून करा.”

अण्णा तोवर नदीकडं निघाले होते. उन्हाळ्याची पूर्णा, मधे वाळू, कडेनं एक धार. त्यांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि पाण्यात पाय टाकून उभे राहिले. वकीलसाहेबांनी काठावरूनच विचारलं, “गुरुजी, पाणी कसं आहे?”

“गार आहे,” अण्णा म्हणाले. “या.”

आणि वकीलसाहेब माझा हात धरून, गोटे चुकवत, हळूहळू खाली उतरायला लागले.